तिघांचं कुलूप

कुलूपवाल्यांच्या घरात चोर शिरलाच असता, तर बिचाऱ्याला कीव आली असती आणि स्वतःच्या खिशातलं काहीतरी टेबलावर ठेवून तो निघून गेला असता. दोन खोल्या, एक लोखंडी पलंग, एक लाकडी कपाट, कधीचं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि टेबलाखाली हत्यारांची पेटी. एवढ्या ऐवजाला माणसानं कुलूप लावावं तरी केवढं? तर ते बघायला जिन्यावरून जाणारे येणारे थांबायचे.

दार आतून लोखंडी पत्र्यानं मढवलेलं. त्यावर बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढी पेटी, आणि पेटीतून निघालेले चार जाड दांडे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चौकटीत घुसलेले. आतून ते मागे घ्यायला छातीच्या उंचीवर एक चक्र. बाहेरून एकच किल्ली, आणि ती कुलूपवाल्यांच्या गळ्यात. बाहेरच्या माणसाला दिसायचं ते फक्त किल्लीचं भोक, त्याच्याभोवती पितळी तबकडी आणि खाली दार ओढायची मूठ. दाराखालून कुणी तार घालील म्हणून तिथं पट्टी ठोकलेली. झुरळाला आत यायचं तर त्यानं परवानगी काढावी, असा सगळा बंदोबस्त.

हे कुलूप त्यांनी बायको गेली त्या हिवाळ्यात केलं. दुःखात कुणी दारूला लागतं, कुणी भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. यांनी कुलूप केलं. दिवसभर कानस चालायची. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंचं डोकं उठायचं, पण माणूस दुःखात आहे म्हणून त्या गप्प बसल्या. कुलूप पुरं झालं तेव्हा कुलूपवाल्यांना पहिल्यांदा शांत झोप लागली. मग हळूहळू त्यांना वाटू लागलं की जिन्यावरचा प्रत्येक माणूस आपल्या दाराकडे जरा जास्तच बघतो. बघणारच ना, दारच तसलं होतं.

त्यांचा जावई त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पोरसवदा वयात आला, त्यांना 'उस्ताद' म्हणू लागला, कुलपं शिकला आणि उस्तादांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. तोवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. नवं कुलूप बसल्यावर तो बघायला आला, दांड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काम झकास आहे, उस्ताद. पण आत तुम्ही पडलात-बिडलात, तर बाहेरच्यानं काय करायचं?"

प्रश्न सरळ होता. कुलूपवाल्यांच्या डोक्यात तो वाकडा शिरला. यांना मी पडायची घाई झालीय, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून जावयाशी त्यांचं बोलणं 'तुम्ही'वर आलं, मग 'जावईबापूं'वर, आणि मग बंदच पडलं. मुलगी यायची तेव्हा जावई खाली रस्त्यावर उभा राहून दुकानांच्या पाट्या वाचायचा. सगळ्या पाट्या त्याच्या पाठ झाल्या होत्या.

देवाशी मात्र कुलूपवाल्यांचं भांडण नव्हतं. दर रविवारी ते चर्चला जायचे. बसायचे शेवटच्या बाकावर, दाराशी. पाळकांचं प्रवचन अर्ध्यावर आलं की त्यांना घर आठवायचं, हात गळ्यातल्या किल्लीकडे जायचा आणि ते हळूच उठून चालू पडायचे. गेली काही वर्षं त्यांनी एकही प्रवचन शेवटापर्यंत ऐकलं नव्हतं. मागच्या रविवारी पाळक सांगत होते की चोर काही आगाऊ निरोप धाडून येत नाही, तेव्हा माणसानं तयार असावं. कुलूपवाल्यांना इतकं पटलं की त्यांनी मान डोलावली. मुद्दा कळला, असं मनाशी म्हणून ते उठले आणि तयारी पाहायला घरी गेले.

या रविवारी त्यांना जाग उशिरा आली, उपासनेची वेळ टळून गेली होती. त्यांनी चहाचं पाणी गॅसवर ठेवलं आणि ते उकळेपर्यंत वरच्या दांड्याला तेल द्यावं म्हणून स्टुलावर चढले. तेल दर रविवारी द्यायचेच. स्टूल एका पायानं डुगडुगतं हेही त्यांना माहीत होतं. लोकांच्या खुर्च्यांचे पाय ते नीट करून द्यायचे, स्वतःच्या स्टुलाला उद्या बघू म्हणायचे.

तेलाची झारी एकीकडे, स्टूल दुसरीकडे आणि कुलूपवाले दाराच्या बाजूला भिंतीलगत. उठायला गेले तर उजव्या खुब्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा प्रयत्न केला. चक्र छातीच्या उंचीवर होतं आणि त्यांची छाती फरशीला टेकलेली होती. हात वर केला तर पेटीच्या खालच्या कडेलाही पोचेना.

दारावर टकटक झाली. वरून नर्सबाई आल्या होत्या. "काका, केवढ्यानं आवाज आला. काय पडलं?"

"मी," कुलूपवाले म्हणाले.

"लागलंय का?"

"उठता येत नाही."

"दार उघडा बघू."

मोडलेल्या खुब्यापेक्षा हे जास्त झोंबलं. "तेच तर येत नाही," ते शेवटी म्हणाले.

नर्सबाईंनी आयुष्यभर दवाखाना सांभाळला होता. त्यांनी आधी पायाची बोटं हलतात का विचारलं, मग रक्त येतंय का विचारलं, मग अग्निशमन दलाला फोन केला. "ते येताहेत, पण पुलाचं काम चाललंय, वळसा घालून यावं लागेल. मुलीला लावला, ती कामावर आहे, फोन उचलत नाही. जावयांना बोलावते."

"त्यांना नको."

"मग कुणाला बोलावू, चोराला? कुलपातलं कळणारं दुसरं कोण आहे तुमच्या ओळखीचं?"

उत्तराची वाट न बघता नर्सबाईंनी फोन लावला आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत इमारतीचा रस्त्यावरचा दरवाजा उघडा ठेवायला खाली गेल्या.

तेवढ्यात पाळक आले. उपासना संपली होती. शेवटचा बाक रिकामा दिसला आणि अर्ध्यात उठून कुणी गेलं नाही, याची त्यांना इतकी रुखरुख लागली की ते झगा उतरवून तसेच निघाले. जिन्यात नर्सबाईंनी सगळं सांगितलं. पाळक अंगानं भरभक्कम. ते धापा टाकत दारापाशी पायरीवर बसले आणि दाराला पाठ लावली. आतून कुलूपवाल्यांना त्यांचा श्वास ऐकू येत होता. मध्ये फक्त लाकूड आणि पत्रा.

"दुखतंय फार?" पाळकांनी विचारलं.

"हललं की दुखतं."

"मग हलू नका. मी बसलोय इथं."

स्वयंपाकघरात पातेल्यातलं पाणी खळखळत होतं. कुलूपवाल्यांनी मान वळवली तेव्हा उघड्या दारातून त्यांना गॅसची निळी ज्योत दिसली, आणि शेजारी खिळ्याला लटकलेलं पुसायचं फडकं. रोज तिथंच असायचं ते. आज त्यांना ते फार जवळ वाटलं.

भीती घालवायला माणूस काहीही बोलतो. ते म्हणाले, "पाळकसाहेब, मागच्या रविवारी मी गेल्यावर काय सांगितलंत?"

बाहेर पाळक हसले. "तुम्ही गेलात आणि मी मुद्द्यावर आलो."

"मुद्दा चोराचा नव्हता?"

"चोर आपला दाखल्यापुरता. एक धनी लग्नाला गेलाय. परत कधी येईल, ठाऊक नाही. नोकरांनी दिवा लावलाय, कमरा कसल्यात, जागे बसलेत. कशासाठी? धन्यानं दार ठोठावलं की लगेच उघडता यावं, एवढ्यासाठी. तयारी म्हणतात ती ही. दार घट्ट लावण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, काका."

"आणि मग?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"मग गंमत होते. धनी आत येतो, स्वतःच कमर कसतो, नोकरांना बसवतो आणि जेवायला वाढतो."

"धनी वाढतो?"

"हो. म्हणून तर म्हणतो, शेवटपर्यंत बसत चला."

पाण्याची खळखळ थांबली. कुलूपवाल्यांनी कान टवकारले. पातेलं कोरडं पडलं होतं. थोड्या वेळानं तापलेल्या भांड्याचा वास आला, आणि फडक्याची कड पिवळसर दिसू लागली.

जिन्यावर धावत पावलं वाजली. जावई आला होता. वर्षानुवर्षं खालच्या पाट्या वाचणारा माणूस तिन्ही मजले एका दमात चढला होता, आणि त्याच्या हातात कुलपं उघडायच्या तारांची जुनी कातडी गुंडाळी होती. ती गुंडाळी त्याला उस्तादांनीच दिलेली.

"उस्ताद," तो दाराशी वाकून म्हणाला, "मी आलोय."

'उस्ताद' ऐकून कुलूपवाल्यांना बरं वाटलं. पण सवय मोठी वाईट. "अग्निशमनवाले येतीलच," ते म्हणाले. "थांबू या जरा."

"ते अजून पुलापलीकडे आहेत. आणि आत पत्रा आहे, त्यांनाही तासभर कापावा लागेल. जळका वास येतोय, गॅस चालू आहे का?"

"आहे."

"मग सांगा. तुम्ही कुठलंही कुलूप स्वतःसाठी वाट ठेवल्याशिवाय करत नाही. मलाच शिकवलंयत. कुठं आहे ती?"

वाट होती. किल्ली हरवली तर म्हणून ठेवलेली, आणि ती जगात एकाच माणसाला ठाऊक होती. कुलूपवाले डोळे मिटून पडले. हे एकदा बोललं की या दाराचं काही राहत नाही. वर नर्सबाई राहतात, पाळकांकडे अर्धं गाव येतं-जातं, आणि जावयाचं तर दुकानच कुलपांचं. एवढ्या वर्षांत त्यांनी जे जे जपलं, ते सगळं या एका गुपितावर उभं होतं. नेमकं काय काय जपलं, ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. पलंग आठवला, बंद घड्याळ आठवलं आणि कपाटातला बायकोचा करड्या लोकरीचा कोट आठवला.

फडक्यातून धूर निघाला.

"बाकीच्यांनी खाली जाऊ का?" जावई हळूच म्हणाला. उस्तादांना तो चांगला ओळखून होता. "मला एकट्याला सांगा."

"आम्ही हवं तर कान झाकतो," नर्सबाई म्हणाल्या.

आणि तिथं कुलूपवाल्यांना हसू आलं. खुबा मोडलेला, समोर आग लागायच्या बेतात आणि हा माणूस फरशीवर पडून हसतोय. बाहेरचे तिघंही घाबरले. म्हाताऱ्याच्या डोक्याला मार लागला की काय, असंच त्यांना वाटलं.

"कुणी जाऊ नका," ते म्हणाले. "जाऊन चालणारच नाही. तिघं लागतात."

"तिघं?"

"चोर एकटा येतो, फार तर दुकटा. म्हणून मी असं केलंय, की एकाच वेळी तिघांचे हात लागल्याशिवाय उघडू नये. एकमेकांवर भरवसा असलेली तीन माणसं दिवसाउजेडी एका दाराशी जमली, तर ती चोरी नसते, असा माझा हिशोब."

हिशोब अचूक होता. ती तिघं कोण, एवढंच तेव्हा ठरवायचं राहून गेलं होतं. त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःची फार हुशारी मानली. आणि मग जवळची माणसं एकेक करून दारापासून लांब केली. किल्ली खरंच हरवली असती, तर ते स्वतः जिन्यावर उभे राहिले असते, वाट ठाऊक असून, दोनच हात घेऊन.

"ऐक," ते म्हणाले. "तबकडी डावीकडे फिरवायची आणि धरून ठेवायची. स्प्रिंग जोरात मागे ओढेल, सोडायची नाही. ते नर्सबाई करतील."

"धरली," नर्सबाई म्हणाल्या. "मी याहून मोठे आडदांड रोगी धरलेत."

"पाळकसाहेब, खालची मूठ दोन्ही हातांनी धरा आणि अख्खं दार वर उचला. बिजागऱ्यांमध्ये बोटभर जागा ठेवलीय. उचललं की खालचा दांडा सुटेल. टेकू द्यायचं नाही."

बाहेर पाळकांनी प्रभूचं नाव घेतलं आणि दार करकरत वर सरकलं. खालचा दांडा कुलूपवाल्यांच्या डोळ्यांसमोर खटकन मागे गेला. आपलंच काम, पण या बाजूनं पडून त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

"आता तू. जाड तार, टोक किंचित वाकवलेली. भोकातून सरळ आत, मग वर. तीन पट्ट्या लागतील. पहिलीला हात लावू नकोस, ती फसवी आहे."

"दुसरी?"

"तीही फसवी."

"उस्ताद, तुम्ही पण ना."

"तिसरी हलकेच वर ढकल. जोर लावलास तर वरचा दांडा अडकेल आणि मग देवच मालक. झोपलेल्या बाळाखालून हात काढतो ना आपण, तसं."

फडक्याला आता ज्योत लागली होती. ते खिळ्यावरून सुटून ओट्यावर पडलं. कुलूपवाले तिकडे बघत नव्हते. त्यांची नजर पेटीवर होती आणि ओठ हलत होते. प्रार्थना होती की जावयाला सूचना, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तार आत फिरल्याचा बारीक आवाज येत होता. पोराचा हात तयार झालाय, त्यांच्या मनात आलं. हा हात मीच तयार केला आणि मीच त्याला दारात उभं करीनासा झालो.

तीन दांडे एकदम मागे गेले. दार उघडलं आणि पाळक त्याच्याबरोबर आत आले, तोल जाऊन जवळजवळ कुलूपवाल्यांच्या अंगावर. नर्सबाई सगळ्यांना ओलांडून स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद केला आणि फडकं चिमट्यानं उचलून मोरीत टाकून त्यावर पाणी ओतलं. जावई गुडघ्यांवर बसला होता. त्यानं उस्तादांचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

"तू म्हणाला होतास," कुलूपवाले म्हणाले. "पडलो तर काय करायचं म्हणून. चुकलं माझं."

"असू दे आता."

कुलूपवाल्यांना रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही. इतकी वर्षं आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं म्हणून. जिन्यावरची हवा आत येत होती आणि ती त्यांना फार बरी वाटली.

स्ट्रेचरवरून खाली नेताना नर्सबाईंनी मागून विचारलं, "काका, दाराचं काय करू? किल्ली द्या, लावून घेते."

"नुसतं ओढून घ्या," ते म्हणाले. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांना एकदाही घर आठवलं नाही.

खुबा जुळायला वेळ लागला. मुलगी रोज यायची आणि रोज थोडं रागावून, थोडं रडून जायची. घरी आणायच्या आधी जावयानं ते कुलूप काढून दाराला साधी कडी बसवली. ते घरी आले तेव्हा तो पेटी हातात घेऊन उभा होता.

"मोडीत घाल," कुलूपवाले म्हणाले.

"एवढं काम? माझ्यानं नाही व्हायचं. दुकानात ठेवतो, बघायला."

"बघायला ठेव. विकू नकोस. घेणाऱ्याला तीन माणसं कुठून देशील?"

मग त्यांनी मुलीला कपाट उघडायला सांगितलं. त्यालाही वेगळं कुलूप होतं, अर्थात. बायको जाण्याआधी म्हणाली होती, मी गेल्यावर हा कोट थंडीत कुडकुडणाऱ्या कुणा बाईला द्या. पाळकांनी गरम कपडे गोळा केले त्या वेळी ते नुसतं 'बघू' म्हणाले होते. कोट हँगरवर होता तसाच होता. मुलीनं तो उचलला आणि बाहीचा तुकडा तिच्या हातात आला. कसरीनं पाठ खाल्ली होती, कॉलर खाल्ली होती. आतलं अस्तर आणि मोठी काळी बटणं तेवढी शाबूत होती. ज्या चोरासाठी एवढं सगळं केलं, तो आलाच नाही, आणि जिला वाटच लागत नाही ती आत बसून निवांत जेवली.

कुलूपवाल्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं, बायकोला दिलेला शब्द पाळला नाही याचं. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी एक हलकेपणा होता आणि तो त्यांनी लपवला नाही. "बटणं काढून घे," ते म्हणाले. "तुझ्या कोटाला लाव. बाकीच्या गरम कपड्यांचं गाठोडं बांध, माझा स्वेटरही घाल. पाळकांकडे आजच पोचव."

"तुम्ही काय घालणार?"

"अजून थंडी पडायचीय. पडली की बघू, कुणीतरी देईल."

असलं वाक्य त्यांच्या तोंडून मुलीनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं आपली त्यांच्या कपाळाला हात लावून बघितलं. ताप नव्हता.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांना अजून जिना उतरता येत नव्हता. पाळक म्हणाले होते, प्रवचन संपलं की घरी येऊन सांगतो, शेवटासकट. मुलगी आणि नर्सबाई चर्चला गेल्या. जावई तेवढा मागे थांबला होता. मुलीचा एप्रन कमरेला बांधून तो स्वयंपाकघरात सूप ढवळत होता. त्यानं वाटी आणून उस्तादांच्या पुढ्यात ठेवली, पाव कापला आणि वाढायला उभाच राहिला.

"बस की," कुलूपवाले म्हणाले.

"आधी तुमचं होऊ दे."

कुलूपवाल्यांनी चमचा उचलला आणि तो तसाच हातात राहिला. एप्रनच्या गाठीकडे ते जरा वेळ बघत होते. मग खाऊ लागले.

दारावर टकटक झाली. त्यांचा हात जुन्या सवयीनं गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. कोण आहे, असं विचारायचंही त्यांच्या मनात आलं नाही.

"उघडंच आहे," ते म्हणाले. "या आत."